भिशी, मेणवली आणि माझं लागिरं

सध्या रात्री ओटा आवरून झाला की मी मोबाईल घेऊन बसते आणि 'लागिरं झालं जी' लावते, झी फाइव्हवर, अगदी पहिल्या भागापासून. 2017 च्या मे महिन्यात सुरू झालेली ही सिरियल 2019 च्या जूनमध्ये संपली, पण अजून मला कुणी विचारलं की तुझी सगळ्यात आवडती कुठली, तर मी हेच नाव सांगते. मैत्रिणी म्हणतात अगं किती जुनं बघतेस, नवीन इतकं काय काय आलंय. येऊदे की, नवीन पण बघते मी, सगळं बघते, पण लागिरंची गोष्टच वेगळी आहे. ती का वेगळी ते या शनिवार-रविवारी इतक्या जणांशी बोलणं झालं ना, त्यातनं मला नीट उमगलं, म्हणून लिहून ठेवते.

शनिवारी भिशी होती, गोडोलीत. जिच्याकडं होती तिनं सकाळीच ग्रुपवर टाकलेलं की कुणी घरनं खाऊन येऊ नका. अळूवड्या होत्या, मटकीची भेळ होती, आणि कंदी पेढे, ते तर पाहिजेतच, साताऱ्यात पेढ्याशिवाय चार बायका जमल्यात असं होतच नाही. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले आणि कुणीतरी विषय काढला सिरियलचा. झालं. सहाला उठणाऱ्या बायका साडेआठपर्यंत हलल्या नाहीत, घरनं फोन यायला लागले तरी बसूनच.

आमच्यात एकजण अपशिंग्याची आहे. अपशिंगे मिलिटरी. बाहेरगावच्या कुणी हे वाचलं तर सांगते, साताऱ्याजवळचंच गाव आहे, पहिल्या महायुद्धात या एकट्या गावातली 46 माणसं कामी आली आणि आजही घरटी कोण ना कोण फौजेत असतंच. हिचा भाऊ फौजेत, नवरा फौजेत, सासरे सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ती सांगत होती की लागिरं लागायचं तेव्हा सासरे पहिल्यांदा बायकांच्यात येऊन टीव्हीपुढं बसायला लागले. नाहीतर बातम्या संपल्या की उठून जाणारा माणूस! कारण त्यातल्या हिरोला, अज्याला, फौजेत भरती व्हायचं असतं, आणि ते पहाटे उठून पळणं, ती धडपड, घरच्यांची काळजी, ते सगळं त्यांनी स्वतः काढलेलं. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 ला आपल्या साताऱ्यातच निघाली, आणि आजही पहाटे कुठल्याही रस्त्याला जावा, भरतीची पोरं पळताना दिसणारच. ती पोरं टीव्हीवर हिरो झाली लागिरंमुळं. याच्या आधी आपल्या मालिकांत हिरो म्हटलं की मोठा बंगला नाहीतर मोठी कंपनी, फौजी व्हायला निघालेलं गावातलं पोरगं कुठं होतं?

आणि मग ती म्हणाली, विक्रमचा भाग मी बघितलेलाच नाही. विक्रम म्हणजे अज्याचा मित्र, निखिल चव्हाणनं केलेला, तो शहीद होतो ते भाग लागले तेव्हा अख्ख्या गल्लीत बायका रडत होत्या मला आठवतंय. हिचा नवरा तेव्हा बॉर्डरवर होता. ती म्हणाली, "गावात तिरंग्यातनं आलेला माणूस मी लहानपणी बघितलाय गं, माझ्या घरातल्या टीव्हीवर मला तो नको होता, मी बंद केला आणि सासरे काहीच बोलले नाहीत, उलट त्यांनीच उठून बटण बंद केलं भिंतीवरचं." हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प. मला वाटतं एखाद्या सिरियलला याहून मोठी पावती काय असणार, की ती इतकी खरी वाटावी की बघवू नये.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडायचं तर त्यांचं बोलणं. "आरं", "न्हाय वं", "काय लका" हे सगळं टीव्हीवर, तेही हिरो-हिरॉईनच्या तोंडी! तोवर आपली भाषा कुणाला दिली जायची तर घरगड्याला नाहीतर हसवायला ठेवलेल्या माणसाला. कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा मी जपून बोलायचे, कुणी हसू नये म्हणून, आणि इथं शीतली ठसक्यात तेच बोलतीय आणि अख्खा महाराष्ट्र तिच्यावर जीव टाकतोय. त्यात शीतली झालेली शिवानी बावकर मुंबईची, पण तिनं ती भाषा अशी उचलली की आमच्या काकू शपथेवर सांगायच्या की पोरगी आपल्याकडचीच आहे. अज्या झालेला नितीश चव्हाण तर आपल्या जिल्ह्यातलाच. लिहिणारा तेजपाल वाघ वाईचा, निर्मिती करणारी श्वेता शिंदे साताऱ्याची. चांदवडी गाव गोष्टीतलं असलं तरी शूटिंग आपल्या मातीत झालेलं, त्यामुळं मागं दिसणारा डोंगर, ऊस, बैलगाडीची वाट, सगळं ओळखीचं. आणि अज्याची आजी, जिजी! कमल ठोके, कराडच्या, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि मग या वयात जिजी होऊन घराघरात गेल्या. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या तेव्हा मला घरातलंच कुणी गेल्यासारखं झालेलं. आता परत बघताना जिजी पडद्यावर आल्या की मी तो सीन पळवत नाही, कितीही उशीर झालेला असूदे.

भिशीत खरा वाद पेटला तो 'देवमाणूस'वरनं. ती पण श्वेता शिंदेचीच, आणि लागिरंमधला भय्यासाहेब म्हणजे किरण गायकवाड तिच्यात खुनी डॉक्टर झालेला. अर्ध्या जणींचं म्हणणं, काय अॅक्टिंग केलीय, सरू आजीच्या म्हणी ऐकायलाच आम्ही बसायचो. ते खरंय, सरू आजी मलाही आवडायची आणि किरण गायकवाड ताकदीचा नट आहे यात शंकाच नाही. पण मी पूर्ण नाही बघू शकले ती. 2016 ला वाईजवळ धोमला खुनांचं जे प्रकरण उघडकीला आलं, ज्यावरनं ही सुचली असं तेव्हा सगळीकडं बोललं गेलं, ते आपल्यासाठी पेपरातली लांबची बातमी नव्हती. ज्या घरातल्या बायका गेल्या ती घरं इथंच आहेत, त्यांची माणसं याच एसटीनं फिरतात, याच बाजारात भाजी घेतात. रोज रात्री त्यांच्या शेजारच्या घरातनं ते टायटल साँग ऐकू येत असेल तर त्यांना काय वाटत असेल? मी हे बोलले तर एकजण म्हणाली, "अगं पण त्यामुळं बायका सावध झाल्या की, कुणावर किती विश्वास टाकायचा ते कळलं." त्यातही तथ्य आहे. तरी मला वाटतं की खुनी माणूस इतका रुबाबदार दाखवायचा आणि मेलेल्या बायका मात्र चार भागात विसरून जायच्या, हे बरोबर नाही. गोष्ट त्या बायकांच्या बाजूनं सांगितली असती तर मी शेवटपर्यंत बघितली असती. वाद मिटला नाही, पेढे संपले.

रविवारी पुण्याहनं नणंद आली पोरांना घेऊन, मग सगळे मिळून वाईला. पावसानं उघडीप दिलेली, पाचवडवरनं आत वळलं की दोन्ही बाजूला नुसतं हिरवंगार. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, गर्दी होती पण लवकर झालं. तिथनं मेणवलीला, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा कृष्णेवरचा घाट. पोरांना ती मोठी घंटा बघायची होती, 1739 ला मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिकडनं आणलेली. या घाटावर इतकी शूटिंगं झाल्यात की भाचा प्रत्येक पायरीवर विचारत होता, मामी हितं कोण उभं राहिलेलं?

पोरं पाण्याकडं गेली आणि आम्ही तिघी, मी, ताई म्हणजे नणंद, आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई, पायऱ्यांवर बसलो डबा उघडून. ताईनं विषय काढला 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीचा. ती आमच्या घरात आईंची सिरियल. 2019 च्या डिसेंबरपासून 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत, पाच वर्षं, आणि शेवटी शेवटी ती दुपारी अडीचला टाकली तर आईंनी आपली दुपारची झोप सोडली पण ती नाही सोडली. ती मूळ बंगालीवरनं घेतलेली, 'श्रीमोयी', आणि हिंदीतली 'अनुपमा' पण त्याच गोष्टीवरनं, ताई हिंदीतली बघते आणि आई मराठीतली, त्यामुळं दोघींची कायम तुलना चाललेली असते. आईंचं मत पक्कं आहे, अरुंधती झालेली मधुराणी प्रभुलकर गप्प उभी राहिली तरी कळतं तिच्या मनात काय चाललंय. मलाही ते पटतं. नवऱ्याचं दुसरीकडं आहे हे कळल्यावर ती आरडाओरडा करत नाही, तिचा नुसता चेहरा उतरतो, ते बघून आई तेव्हा मेथी निवडायची थांबलेल्या आणि जुडी तशीच मांडीवर.

तर घाटावर आई सहज म्हणाल्या, "तिनं निदान गाणं तरी परत सुरू केलं." मग जरा थांबून म्हणाल्या, मी पण गायचे, लग्नाआधी सांगली आकाशवाणीला ऑडिशन द्यायची होती, मास्तरांनी फॉर्म आणून दिलेला, पण आमच्या वडिलांनी नाही म्हटलं. मी इतकी वर्षं या घरात आहे, त्या पूजेला बसल्या की गुणगुणतात ते ऐकलंय, पण हे मला ठाऊकच नव्हतं. ताईला पण नव्हतं! पोटच्या पोरीला! ती नुसती बघत राहिली आईंकडं. तेवढ्यात भाचा चप्पल पाण्यात गेली म्हणून रडत आला आणि सगळ्यांची पळापळ झाली, चप्पल काही मिळाली नाही. परत येताना गाडीत ताईनं विचारलं कुठलं गाणं म्हणणार होता, तर आईंनी अभंग सांगितला, आणि आग्रह केल्यावर दोन ओळी म्हणून पण दाखवल्या. आवाज थोडा कापला पण सूर जागेवर. ह्यांनी गाडी चालवता चालवता गाण्यांचा आवाज बंद केला आणि टोल येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

लोक म्हणतात सिरियल म्हणजे वेळ घालवायचं काम. मला हे अजिबात मान्य नाही. अरुंधती नसती तर आईंनी हे कधी सांगितलंच नसतं, कुणी विचारणारच नव्हतं. लांबण लावतात, एकाच गैरसमजावर महिनेच्या महिने काढतात, त्याचा मलाही राग येतो. 'ठरलं तर मग'मध्ये सायलीच खरी तन्वी आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहितेय आणि तिच्या सख्ख्या आईबापाला कळायला इतकी वर्षं लावायची म्हणजे जीव नकोसा होतो. तरी जुई गडकरी आणि अमित भानुशाली समोरासमोर आले की मी चॅनल बदलत नाही. त्यातल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, 2025 च्या ऑगस्टमध्ये गेल्या, तेव्हापण आईंनी त्या दिवशी टीव्ही लावू दिला नव्हता.

पुढची भिशी माझ्याकडं आहे. सगळ्यांनी मिळून लागिरं बघायचं ठरलंय, मोबाईल टीव्हीला जोडून, आणि अपशिंग्याच्या मैत्रिणीनं आधीच अट घातलीय की विक्रम हसताखेळता आहे तेवढेच भाग लावायचे. मला मंजूर आहे. देवमाणूसवाल्या दोघी म्हणाल्यात आम्ही पण येणार आणि परत भांडणार, या म्हटलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या मी पण बसणार तुमच्यात, आणि अळूवड्या मी करणार, त्या तुम्हा पोरींच्या हातच्या घट्ट होतात.