समुद्र किती वाजता असतो?

लहान मूल घेऊन मे महिन्यात समुद्रावर जायचंय, असं नुसतं चार जणांत बोलून बघा. ज्यांना मुलं नाहीत ते गोवा सुचवतात, ज्यांची मोठी झालीत ते गणपतीपुळे सुचवतात आणि ज्यांची आपल्या मुलांएवढीच आहेत ते म्हणतात, "मेमध्ये कशाला मरायला जाताय? डिसेंबरात जा की." अहो, पण सुट्टी मेमध्ये आहे. आंबे मेमध्ये आहेत. आणि साडेतीन वर्षांच्या बाईंना समुद्र आत्ता हवाय, डिसेंबरात नाही.

आमच्या अटी फार नव्हत्या. पाणी लांबवर उथळ हवं, खोलीतून किनाऱ्यावर चालत जाता यायला हवं, थोडी सावली हवी आणि पुण्याहून एका दमात पोचता यायला हवं, कारण लेकीला घाट लागतो. या चाळणीतून बघितलं की कोकणातली निम्मी नामांकित ठिकाणं गळून पडतात. गणपतीपुळ्याला देवळासमोरच्या पाण्याची उतरण इतकी चटकन खोल जाते की तिथे मोठ्यांनीही जपून राहावं. हरिहरेश्वरला कातळ आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा, बघायला सुंदर, पण मूल सोडायला नाही. काशीदची पांढरी वाळू मला फार आवडते, पण तिथल्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. तारकर्लीचं पाणी सगळ्यात निवळ, पण तिकडे जाण्यात पूर्ण दिवस जातो. दिवेआगर अगदी मनासारखं सपाट, पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर गेलो होतो तेव्हा आडव्या झालेल्या पोफळी आणि सुरूची झाडं बघून इतकं वाईट वाटलं होतं की पुन्हा त्या बाजूला पाऊल वळेना. हे काही शहाणपणाचं कारण नाही, पण निवड अशाच कारणांनी होते.

राहिलं मुरूड. दापोलीचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. सपाट, लांबलचक, कर्द्यापर्यंत सलग पसरलेली पुळण. वाडीतल्या एका घरात खोली मिळाली. बुद्धपौर्णिमेची सुट्टी शनिवार-रविवारला चिकटून आली होती, नवऱ्याला वेगळी रजा टाकावी लागणार नव्हती. आमच्यासारखा हिशेब अख्ख्या महाराष्ट्रानं केला होता, हे ताम्हिणीच्या अलीकडेच कळलं.

प्रवासाबद्दल एवढंच लिहिते की प्लास्टिकच्या पिशव्या जास्त ठेवा.

पोचलो, जेवलो, झोपलो. मेमध्ये लहान मुलाला समुद्रावर न्यायच्या वेळा दोनच: सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात वाळूवर पापड भाजून निघेल. म्हणून पाच वाजता बादली, फावडं, टोपी, टॉवेल असा सगळा संसार घेऊन आम्ही पोफळींमधल्या पाणंदीतून निघालो. लेक पुढे पळत होती. वाडी संपली, सुरूची झाडं संपली, आणि ती थांबली.

"समुद्र कुठाय?"

होता. पण फार लांब. समोर नुसती ओली, तकतकीत, कडक पुळण, आणि तिच्या पार पलीकडे एक पांढरी रेघ. मध्ये काय होतं म्हणाल, तर रस्ता. खरंच रस्ता. ओहोटीला उघडी पडलेली वाळू इतकी टणक असते की गाडीचं चाक रुतत नाही, आणि हे ज्ञान आता सर्वांना झालेलं आहे. मोटारी होत्या, उघड्या जीप होत्या, भाड्यानं फिरवायच्या जाड चाकांच्या गाड्या होत्या, त्यांच्यामधून घोडागाड्या जात होत्या. एक पांढरी गाडी दारं उघडी टाकून, आत गाणं लावून, एकाच जागी गोल गोल फिरत होती आणि तिच्या छतातून एक मुलगा वर येऊन व्हिडिओ काढत होता.

पाण्यापर्यंत जायचं म्हणजे हे सगळं ओलांडायचं. चौकात करतो तसं आधी उजवीकडे, मग डावीकडे बघून. मी लेकीचं मनगट धरलं होतं, हात नव्हे, मनगट. जिथे मूल मोकळं सोडता यावं म्हणून एवढ्या लांब आलो, तिथे मी तिला पुण्यातल्या रस्त्यावर धरते त्याहून घट्ट धरून चालले होते. तिला अर्थातच पाण्याशी देणंघेणं उरलं नव्हतं. तिला वाळूवर खेकड्यांची रांगोळी दिसली होती. नखाएवढे खेकडे बिळाभोवती वाळूचे बारीक गोळे मांडून ठेवतात, किरणांसारखे, ओळीनं. ती उकिडवी बसली, एक गोळा बोटानं फोडला, दुसरा फोडायला बोट पुढे केलं, आणि मागून हॉर्न वाजला.

समुद्रकिनाऱ्यावर. हॉर्न.

मी वळले. गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाले, "मॅडम, मुलीला सांभाळा ना." मागच्या सीटवर त्यांचंही एक मूल होतं, काचेला नाक लावून आमच्या खेकड्यांकडे बघत होतं. मी म्हटलं, "हा रस्ता आहे का?" तर म्हणाले, "सगळेच आणतात." आणि गाडी आमच्या बाजूनं, रांगोळीवरून, पुढे गेली.

मला त्या मिनिटाला जे सुचलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग गाडीपेक्षा त्या "सांभाळा ना"चा होता. याच तालुक्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावातली माणसं त्यांची घरटी जाळी लावून राखतात. आणि आपण त्याच वाळूवर चाकं फिरवून वर तीन वर्षांच्या पोरीच्या आईला शिस्त शिकवतो. पोलीस गुन्हे दाखल करतात, अशा बातम्याही येतात. पण सुट्टीच्या संध्याकाळी शंभर गाड्या आणि एक हवालदार, हे गणित कुठल्या बाजूनं सुटणार ते दिसतंच आहे.

पाण्यापर्यंत पोचलोही आम्ही. लेकीनं घोटा बुडवला आणि "थंड नाही," एवढंच म्हणाली. मग मी तिला कडेवर घेऊन परत आणलं, कारण अंधार पडायला लागला होता आणि गाड्यांचे दिवे लागले होते.

रात्री जेवणानंतर गलका ऐकू आला म्हणून नवरा बघून आला. भरती चढत होती आणि एक गाडी वरच्या मऊ वाळूत रुतली होती. ट्रॅक्टर बोलावला होता, दोर लावणं चाललं होतं. गाडी पांढरी होती का, हे मी दोनदा विचारलं. नव्हती म्हणे. तरी मला शांत झोप लागली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पण झोपायच्या आधी ओटीवर जे झालं ते खरं तर मला सांगायचंय. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. मी तणतणत होते: एवढं शोधून शोधून सपाट किनारा निवडला, आणि समुद्रच जागेवर नाही. त्या म्हणाल्या, "अगो, आज पौर्णिमा ना? मग संध्याकाळी पाणी लांबच असायचं." आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे अडकित्त्यानं बोट केलं. "तिथीची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी."

त्यांना पाऊणकी तोंडपाठ होती. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहाला. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती, आणि पहाटे व संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पण अंदाजाला एवढं पुरे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण: चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि हटतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग: पाणी फार चढत नाही, फार हटत नाही.

मी बोटांवर पुन्हा मोजलं. म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला पोराला न्यायच्या ज्या दोन वेळा, त्या दोन्ही वेळा समुद्र सर्वांत लांब. आणि त्याच दोन वेळा वाळू सर्वांत रुंद आणि टणक, म्हणजे गाड्यांची चंगळ. पाणी दाराशी येतं ते भर दुपारी बाराला, जेव्हा कुत्रंही सावली सोडत नाही. उलट अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला समुद्र भरलेला, तोही बेतानं. गाडी घालायला जागाच उरत नाही. हॉटेलांच्या संकेतस्थळांवर वायफाय आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, नाश्त्यात काय काय आहे, सगळ्याला तारे दिलेले असतात. समुद्र किती वाजता असतो, हे एकही पान सांगत नाही.

"मग ही गर्दी काय बघून येते?" मी विचारलं.

"सुट्टी बघून," आजी म्हणाल्या आणि सुपारीचं खांड माझ्यापुढे केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या हिशेबानं चाललो. पहाटेच्या ओहोटीला गेलो नाही, दुपारच्या भरतीला गेलो नाही. मधली साडेआठची वेळ पकडली. पाणी निम्मं आत आलं होतं, रात्री जागलेली मंडळी अजून उठली नव्हती. आजींनी बजावलं होतं की पाणी चढतं असेल तेव्हाच पोराला कडेला बसवायचं, उतरत्या पाण्याला ओढ असते. चढत्या पाण्याचा त्रास एवढाच की दर दहा मिनिटांनी चपला आणि पिशव्या मागे सरकवाव्या लागतात. लेक घोट्याएवढ्या पाण्यात फतकल मारून बसली आणि खड्डा खणत राहिली. लाट येऊन खड्डा बुजवायची, ही पुन्हा खणायची. मी तिचं मनगट सोडून दिलं. दहा वाजेपर्यंत ऊन असह्य झालं आणि उचलून आणताना तिनं जो आकांत केला तो कर्द्यापर्यंत गेला असेल.

बाकी हर्णैचा मासळीचा लिलाव, लांबूनच सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हे सगळं एका दिवसात उरकलं. खरंच उरकलं. डॉल्फिन बघायच्या होडीत बसलो नाही, कारण लेकीच्या मापाचं जॅकेट होडीवाल्याकडे नव्हतं आणि "काय होत नाही ताई" या वाक्यावर माझा विश्वास नाही. दुपारी वीज जायची. ओटीवर चटई टाकून पडायचं, आंबा खायचा, फणसाच्या वासानं आलेल्या माशा वारायच्या. आजींनी न सांगता लेकीसाठी वेगळा गुरगुट्या भात आणि मेतकूट केलं, आणि बिलात तिचं ताट धरलं नाही. मी धरा म्हटलं तर रागावल्या. शेजारच्या हॉटेलात उतरलेलं एक कुटुंब दोन दिवस तलावातच डुंबत होतं. आधी मी त्यांना नावं ठेवली, समुद्रावर येऊन निळ्या टाइल्समध्ये काय बसायचं म्हणून. ती संध्याकाळ बघितल्यावर नावं ठेवणं बंद केलं.

परतीला माणगावात अडकलो. किती वेळ, ते विचारू नका.

आता लोक मला विचारतात, लहान मुलाला कुठला किनारा चांगला? मी म्हणते, सपाट कुठलाही बघा, पण आधी तिथी सांगा. त्यावर माणसं जरा चमकून बघतात, मी उपासतापास करायला लागले की काय म्हणून. घरात मात्र नवं भांडण सुरू झालंय. पुढच्या उन्हाळ्यासाठी मी वैशाखातली अष्टमी शोधून ठेवली. शुद्ध पक्षातली मंगळवारी येते, वद्य पक्षातली बुधवारी. नवरा म्हणतो, रजेच्या अर्जात कारण काय लिहू? मी म्हटलं, भांग लिही. तो म्हणतो, साहेब वेगळाच अर्थ काढतील.