तुम्ही विचारलंत म्हणून : ऑइल कॅपभोवती तेल दिसतंय, नवं टोपण घ्यावं का?

गाडीचं बॉनेट उघडलेलं कुणी पाहिलं, की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. इंजिनच्या डोक्यावर जिथून ऑइल ओततात, त्या टोपणाभोवती ओलसर, काळपट तेल दिसतं, त्यावर धूळ चिकटलेली असते. टोपण बदललं की काम होईल का? बहुतेक वेळा होतं. तरी दुकानात जाण्याआधी जुनं टोपण उघडून नीट बघा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. इंजिनच्या आत डोकावायची इतकी सोपी, बिनखर्चाची जागा दुसरी नाही.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा आणि ते निवू द्या. चालू इंजिनचं ऑइल ९०-१०० अंशांच्या घरात असतं आणि टोपणाच्या खालीच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) फिरत असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना टोपण उघडायच्या फंदात पडू नका. उघडण्याआधी भोवतालची धूळ फडक्याने पुसून घ्या. हे फार जण करत नाहीत, आणि टोपण फिरवताच ती माती सरळ ऑइलमध्ये पडते.

आधी रबर बघा. टोपणाच्या आतल्या बाजूला रबरी रिंग किंवा चपटा वायसर असतो आणि खरं काम तोच करतो. उष्णतेने रबर हळूहळू कडक होतं, दाबून दाबून चपटं होतं. नख रुतवून पाहा: चांगलं रबर दबतं आणि परत वर येतं, म्हातारं झालेलं दबतच नाही, त्याला बारीक भेगाही दिसतात. मग प्लास्टिकला तडा आहे का, आटे किंवा अडकायचे दात झिजलेत का, आणि इंजिनवरची ज्या कडेवर रबर बसतं ती कड गुळगुळीत आहे का, तेही पाहा. कडच तुटलेली असेल तर नवं टोपणही तिथे गळेल.

रबर कडक झालं तर तेल बाहेर येतं, एवढंच आपण धरतो. पण हवा आतही जाते. पेट्रोल इंजिनमध्ये क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतले, वायू पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून पुन्हा इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या नळीकडे) ओढून घेतले जातात. टोपण सैल असेल तर सेन्सरने न मोजलेली हवा याच वाटेने इंजिनात शिरते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरते, कधी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाही लागतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच अशी तक्रार सुरू झाली असेल तर मी सर्वांत आधी टोपणाला हात लावतो.

आता ज्याने लोकांची झोप उडते ते. टोपणाच्या आत पिवळट-पांढरा, सायीसारखा थर. ‘हेड गॅस्केट गेलं!’, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळलं, असं कुणीतरी सांगतं आणि माणूस हादरतो. थोडं थांबा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरते. टोपण ही इंजिनची थंड जागा, म्हणून वाफ तिथे जमते आणि तेलात घुसळली जाते. थंडीच्या दिवसांत गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर हा थर येणारच. तो पुसा, गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. मात्र डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ असेल, कूलंट कमी होत असेल, इंजिन तापत असेल किंवा गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर गाडी चालवू नका. ती टो करूनच गॅरेजला न्या.

टोपण घेताना गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखी टोपणं पाव वळणाची आणि पूर्ण आट्यांची अशी वेगवेगळी निघतात, आणि ‘बसतंय की’ म्हणून घेतलेलं टोपण रबरावर पुरेसा दाब देत नाही. काही गाड्यांसाठी नुसती रबरी रिंग मिळते. टोपण धड असेल तर तेवढी पुरते. बसवताना कड कोरड्या फडक्याने पुसा, रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवा आणि हाताने घट्ट करा. पाना, पक्कड अजिबात नको. गळती थांबावी म्हणून सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याचे तुकडे सुटून संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

मग आजूबाजूचं जुनं तेल स्वच्छ पुसा, नाहीतर नवी गळती आणि जुना ओघळ यातला फरक कळणार नाही. आठवड्याभराने बघा. नवं टोपण नीट बसलंय आणि तरी तेल येतंय, तर टोपणाला दोष देऊ नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप चोंदला असेल, किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे आतला दाब वाढला असेल. तेव्हा मेकॅनिकला ‘टोपण गळतंय’ एवढंच सांगू नका. ‘टोपण नवं आहे, क्रँककेसचा दाब तपासा’ असं सांगा.

आणि टोपण वाटेत कुठे पडूनच गेलं असेल तर भोकात चिंधी कोंबून गाडी दामटू नका. चिंधी आत ओढली जाऊ शकते, आणि उडालेलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. गाडी तिथेच उभी करा आणि टोपण मागवून घ्या.