बागेची रोजनिशी

आज देवगडच्या बागेत कलमाखाली बसूनच ऑब्सिडियन या नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये दिवसाची नोंद केली. रेंज नव्हती, पण अडलं नाही काही. नोंदी साध्या मजकुराच्या (मार्कडाउन) फायली म्हणून फोनमध्येच राहतात.

‘खालच्या अंगाला मोहोर चांगला, पण तुडतुडे दिसले’ एवढं लिहिलं आणि ‘फवारणी’ या शब्दाला दुहेरी चौकटी कंस घातले, म्हणजे त्या नावाच्या पानाचा दुवा झाला. आता फवारणीचं पान उघडलं की खाली बॅकलिंक्समध्ये, म्हणजे त्या पानाचा दुवा असलेल्या नोंदींच्या यादीत, आजची तारीख दिसते. मला हे फार मोलाचं वाटतं. बाबांना कुठल्या कलमाला कधी काय मारलं ते तोंडपाठ आहे, ते सगळं असंच उतरवून घ्यायचंय. घडलेलं रोजनिशीत, करायचं ते कामाच्या पानावर; ही सरमिसळ टाळाच.

म्हणून ‘उद्या पंपाचा नोझल बदलून सकाळीच फवारणी’ हे कामाच्या पानावर टाकलं.