कच्छच्या रणातली खरेदी – माझा अनुभव

डिसेंबरात आई, मी, नवरा आणि लेक असे चौघं धोरडोला पांढरं रण बघायला जाऊन आलो, त्यातलं खरेदीचं तेवढं सांगते, कुणीतरी निघालेलं असेल तर उपयोग होईल. भुजपासून साधारण 80 किमी आहे, मधे भिरंडियाराला परमिट काढायचं, आयडी जवळ ठेवा, आणि तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण औषधं, कॅश, कानटोपी सगळं भुजमध्येच घ्या! आम्ही पाण्याचे बॉक्स घेतले आणि कानटोप्या, व्हॅसलीन राहिलं. दिवसा मिठावरून ऊन डोळ्यात येतं, ओठ फुटतात आणि रात्री इतकी थंडी की आई डोक्याला शाल गुंडाळून झोपली, मला फार वाईट वाटलं.

एका स्टॉलवर आरसेकामाची पिशवी आवडली, उलटून बघितली तर आतून गाठी, धागे, म्हणजे हातचंच काम. पैसे द्यायला गेले तर नेटवर्क गायब, पेमेंट नुसतं फिरतंय आणि पाकिटात दोनशे रुपये. भाभी म्हणाल्या ले जाओ, बाद में भेज देना. मला काही ते जमेना, पिशवी ठेवून आले, अजून रुखरुख आहे.

परत येताना वाट वाकडी करून निरोणा गावात गेलो. हे मात्र चुकवू नका. रोगनचं, म्हणजे कापडावर तेलाच्या घट्ट रंगाने नक्षी काढायचं काम तिथे होतं, पण आम्ही रमलो ते तांब्याच्या घंटांपाशी. मुळात तो लोखंडी पत्रा असतो, ठोकून ठोकून गोल करतात, वेल्डिंग नाही, कडा एकमेकीत अडकवतात, मग वरून तांब्या-पितळेचा चुरा आणि चिखलाचा लेप देऊन भट्टीत घालतात. आत लोलक लाकडाचा. शेवटी काका कडेवर हातोडीचे बारीक ठोके देत आणि दर वेळी कानाशी नेऊन वाजवत, चार-पाच ठोक्यांनी आवाज खरंच बदलला! लेकीने विचारलं हे कशाला, तर म्हणाले, चरायला गेलेली आपली गाय मालकाला आवाजावरून कळली पाहिजे ना.

आईने पंधरा-वीस घंटा वाजवून बघितल्या आणि दोन निवडल्या, एक आमच्या दाराला, एक मावशीला. भुजमधून काढलेली कॅश मी गाडीत दुसऱ्या बॅगेत ठेवली होती ती नवऱ्याला तेव्हा सापडली, त्यातूनच दिले.