गंजाचे खड्डे

गंज दोन तऱ्हेचा असतो. एक वरवरचा, तांबूस, वायर ब्रश मारला की उडून जाणारा, त्याचं काही टेन्शन नाही. दुसरा आत आत पोखरत जाणारा. गोव्यात मांद्र्याला मामाच्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन सध्या उघडून बसलोय, त्याच्या पत्र्याच्या कव्हरवर आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे बाजूच्या जड फिरत्या चाकावर, हा दुसरा भरपूर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यात चार महिने पाऊस, हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, त्यातला क्लोराईड एखाद्या बारीक जागी शिरतो आणि खड्ड्याच्या तळाशी ॲसिड तयार होत राहतं, म्हणजे वरून तोंड बंद केलं तरी खाली काम चालूच! म्हणून पुट्टीची, म्हणजे खड्डे बुजवायच्या लांबीची, घाई नको, पहिल्या पावसात रंग फुगलाच म्हणून समजा. आधी सुईने तळ खरवडायचा, गरम पाण्याने मीठ धुवायचं, लगेच सुकवायचं, आणि मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, ते लावलं की उरलासुरला गंज काळा पडतो.

नेहमीची बॉडी पुट्टी स्वस्त, पटकन सुकते, पण पाणी पिते. आपल्या हवेत खोल खड्ड्यांना एपॉक्सी पुट्टीच बरी, सुकायला वेळ घेते पण धरून ठेवते. बॉडी पुट्टी वापरलीच तर वरून पातळ हात, आणि ती कोरडीच घासायची.

घासणं हाच खरा मजेचा भाग. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०. नुसत्या बोटाने घासलं तर बोट खळग्यात उतरतं आणि खळगा तसाच राहतो, म्हणून पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा, जुन्या हवाई चपलेचा तुकडाही चालतो. त्याआधी काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारायचा. घासत गेलं की उंच जागा साफ होतात आणि जिथे खळगा आहे तिथे काळा ठिपका उरतो, चोर आपोआप सापडतो. म्हापशाचा एक पेंटर मात्र स्प्रेबिप्रे काही वापरत नाही, "दोळ्यांनी न्हय, हातान पळय" (डोळ्यांनी नाही, हाताने बघ) म्हणतो आणि सुती फडकं घालून तळवा फिरवतो, त्याला बरोब्बर कळतं.

हे सगळं फक्त दिसण्यापुरतं हं. सिलिंडरच्या आत किंवा क्रँकवर खड्डे असतील तर पुट्टी म्हणजे निव्वळ फसवणूक. तिथे मशीन शॉपच, सिलिंडर असेल तर बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाईज पिस्टन नाहीतर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह.

आणि पुट्टीला नाकं मुरडणाऱ्यांना सांगतो, जुन्या काळी कारखान्यातही खडबडीत कास्टिंगवर फिलर लावूनच रंग द्यायचे. पण म्हणून सगळंच काचेसारखं गुळगुळीत करायचं हे मला पटत नाही, बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, स्वतःचा दाणा असतो तो दिसायला हवा. इंजिनच्या ब्लॉकला मी ब्रश आणि रंग एवढंच करणार. मामाला तोही आरशासारखा हवाय, चवथीला सगळे जमले की भांडू.