कृत्रिम पाऊस नव्हे, पावसात थोडी भर

ऑगस्ट कोरडा जायला लागला की आपल्याकडे एक मागणी हमखास होते: कृत्रिम पाऊस पाडा. हे नावच घोळ घालतं. 28 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत आयआयटी कानपूरने विमान उडवून ढगांत मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड सोडलं. ओलावा जेमतेम 15 ते 20 टक्के होता, नाव घेण्याजोगा पाऊस पडलाच नाही, आणि लगेच सगळं थोतांड ठरलं. त्याआधी एप्रिल 2024 मध्ये दुबई बुडाली तेव्हा लोकांनी उलटं टोक गाठलं: म्हणे विमानांनीच पूर आणला. त्या वेळी यूएईतल्याच अल ऐन भागात दिवसभरात 254 मिलिमीटर पडला. एवढं पाणी चार विमानं आणूच शकत नाहीत, ते मोठ्या वादळी ढगांचं काम होतं.

ही दोन्ही मतं तपासायची तर सोलापूरसारखं गाव नाही. कारण देशातला या विषयावरचा सर्वात काटेकोर प्रयोग इथेच झाला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 'कायपिक्स' या ढगांच्या अभ्यासाच्या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात सोलापूर निवडलं, ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं म्हणून. इथे ढग येतात, भरपूर येतात, पण न बरसता पुढे सरकतात.

ते का, हे ढगाच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही. ढगातला पाण्याचा कण साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा. म्हणजे असे दहा लाख कण एकत्र आले तर एक थेंब. कण सगळे सारख्याच आकाराचे असले तर ते सारख्याच वेगाने तरंगतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत. त्यातून हवेत धूळ, धूर जास्त असला की तेवढीच वाफ जास्त कणांवर वाटली जाते आणि सगळे कण बारीकच राहतात. घरच्या पंगतीत पातेलं तेवढंच आणि माणसं दुप्पट, तसं. बीजन म्हणजे या गर्दीत थोडे मोठे, ओलावा ओढणारे मिठाचे कण सोडायचे. त्यांच्याभोवती जाड थेंब तयार होतो, तो जरा वेगाने खाली येतो, वाटेत बारकी भावंडं गोळा करतो.

आपल्याकडच्या पावसाळी ढगाचा तळ उबदार असतो. शून्य अंशाची पातळी पार पाच किलोमीटरच्या आसपास. म्हणून इथे कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या विमानाच्या पंखाला लावून ढगाच्या तळाशी पेटवतात. सिल्व्हर आयोडाइड चालतं ते उणे पाच अंशांच्या खालच्या, पण अजून न गोठलेल्या पाण्यात. दोन्हीची गल्लत बातम्यांत सर्रास होते.

ढग निवडणं हे खरं कसब. तो किमान किलोमीटरभर जाड असावा, अजून वाढता असावा, आणि खालून वर जाणारी हवा पक्की सापडायला हवी. वैमानिकाने मीठ ढगाच्या कडेला सोडलं किंवा खाली उतरणाऱ्या हवेत सोडलं तर ते ढगात शिरतच नाही. विरत चाललेल्या ढगावर खर्च केला तर वाया. बारीक कण जास्त पडले तर आणखी नुकसान: पंगत वाढते आणि पाऊस उलट लांबतो. सर यायला अर्धा तास धरला तर तेवढ्यात पश्चिमेचा वारा ढगाला पंधरा-वीस किलोमीटर पुढे नेतो. मोहोळवर पेरलं तर सर उत्तर सोलापूर तालुक्यात. 'आमच्या गावावर पाडा' ही मागणी म्हणूनच पुरी होत नाही.

इथल्या प्रयोगाचं मोल मला त्याच्या पद्धतीत वाटतं. काही ढगांत पेरायचं, तसेच दुसरे ढग मुद्दाम सोडून द्यायचे, आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना करायची. एकूण 276 ढग तपासले. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या 100 चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी 18 टक्के वाढला, काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत. जास्तीचा पाऊस 8.67 मिलिमीटर, म्हणजे 86.7 कोटी लिटर. खर्च लिटरला 18 पैसे.

आता हिशेब आपल्या मापात करू. 10,000 लिटरचा टँकर या दराने 1,800 रुपयांना पडतो, आणि ते पाणी टाकीत नाही, रानभर सांडलेलं. एकरी बघितलं तर साधारण 35,000 लिटर. धरणांच्या टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजलं तर एका टीएमसीचा तेहेतिसावा हिस्सा. उजनी धरणाचा उपयुक्त साठाच 53.57 टीएमसी आहे, आणि ती भरते पुण्याकडच्या पावसावर. सोलापूरच्या आभाळात मीठ सोडून उजनी भरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण कोरडवाहू रानाला 8 मिलिमीटर क्षुल्लक नाहीत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. पेरणीआधी, सप्टेंबरात, बांध नीट असलेल्या रानात अशी एक सर जास्तीची मिळाली तर ती मुरते. तीच सर मे महिन्यासारख्या तापलेल्या, भेगाळलेल्या रानावर दुपारी पडली तर बरीचशी उडून जाते.

माझा राग आहे तो वेळेवर. 2015 ला आणि 2019 ला तेव्हाच्या औरंगाबादहून राज्याने प्रयोग केले, ते सुरू झाले ऑगस्टमध्ये, जुलैचे ढग निघून गेल्यावर. दुष्काळ जाहीर झाल्यावर आभाळात पेरण्यासारखं काही उरत नाही. रडार आणि विमान जूनमध्येच तयार असायला हवं, आणि चांगला पाऊस चालू असतानाही उडायला हवं, कारण पेरण्याजोगे ढग तेव्हाच असतात. पुढची घोषणा ऐकाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: विमान कोणत्या महिन्यात उडणार, आणि न पेरलेल्या ढगांची मोजणी कोण करणार?