गोदाघाट मालिका: नारोशंकराचं चित्र शेवटच्या टप्प्यात

मंडळी, गोदाघाटावरच्या नारोशंकराच्या देवळाचं माझं जलरंगातलं चित्र आता फक्त शेवटच्या गडद छटांपुरतं उरलंय. थोरली सिनियर केजीत, धाकटा दीड वर्षाचा, त्यामुळे सलग दोन तास मिळणं आमच्या घरात सध्या शक्य नाही. तरी चित्र पुढे सरकतंय. कसं, ते नीट लिहिते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे लहान मुलं आहेत.

नाशकात जलरंग म्हणजे जागेवर बसायचं आणि एका बैठकीत चित्र संपवायचं. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची चित्रं पाहून आमच्यासारखे कितीतरी जण या माध्यमाकडे वळले, आणि त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तशी बैठक मिळेपर्यंत ब्रशच उचलायचा नाही, हे मला पटत नाही. जलरंगात एक थर वाळेपर्यंत थांबावंच लागतं. मग ते थांबणं मुलांच्या वेळांशी जुळवून का घेऊ नये?

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते विषय निवडणं. ढगाळ आभाळ किंवा धुक्यातली नदी ओल्यावर ओलं, म्हणजे आधीचा रंग ओला असतानाच पुढचा लावून, रंगवावी लागते, मध्ये उठलात की कडा वाळून डाग पडतो. दगडी देवळाचं तसं नाही. शिखराचा एक टप्पा, कमानीची सावली, तटाची भिंत, प्रत्येकाला स्वतःची स्पष्ट कड असते. एक आकार भरून झाला की धाकटा उठला तरी चालतं; पुढचा आकार दुसऱ्या दिवशी घ्यायचा. हातात लहान मूल असेल तर सरळ वास्तू रंगवायला घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं. तटाच्या भिंतीवरच्या घुमटीत वसईच्या विजयानंतर आणलेली ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा आहे. मला चित्राचं केंद्र तिथे हवं होतं. रविवारी सकाळी नवरा दोघांना रामकुंडाकडे फिरवून आणतो, तेवढ्या वेळात मी ४बी पेन्सिलनं तळहाताएवढं टिपण करते. उजेड, मधली छटा, गडद, एवढ्या तीनच छटा. ऊन कुठून येतंय त्याचा बाण आणि शेजारी घड्याळातली वेळ. रंगपेटी घाटावर नेतच नाही.

घरी ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, थोडा खरखरीत कागद, क्वार्टर साइज, म्हणजे पूर्ण तावाचा पाव भाग. रेखाटन दुपारच्या झोपेत तुकड्या-तुकड्यानं होतं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, मात्र रात्री, दोघं गाढ झोपल्यावरच, कारण तेवढी वीसेक मिनिटं अखंड लागतात. रंग आधीच भिजवून ठेवलेले, ब्रश मांडलेले, आभाळ कुठे संपणार ते ठरलेलं. पिवळसर दिव्याखाली फिका पिवळा रंग कागदावर दिसतच नाही, म्हणून टेबलाला ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी लावलाय. फरक खूप पडतो.

काळ्या पाषाणासाठी काळा रंग वापरलेला नाही. अल्ट्रामरिन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बस्स. उन्हातल्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पाण्यातल्या प्रतिबिंबाला हेच मिश्रण पातळ करून वापरलं, त्यामुळे देऊळ आणि नदी एकाच चित्रातली वाटतात. हा भाग माझ्या मनासारखा झालाय.

मुलांच्या दृष्टीनं थोडी काळजी. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग मी सध्या घरातून बाद केलेत; ट्यूबवरचा पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, कोड वाचूनच घेते. ब्रशचं पाणी झाकणाच्या बरणीत, पिण्याच्या भांड्यासारख्या दिसणाऱ्या कशातच नाही. कागद लावलेला बोर्ड फ्रिजवर आडवा ठेवते, म्हणजे ओला वॉश ओघळत नाही आणि कुणाचा हातही पोचत नाही. थोरलीला कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणि तिचा वेगळा ब्रश दिलाय. ती शेजारी बसून रंगवते तेव्हा मी फक्त बारीक कामं घेते: घंटेची कड, पायऱ्यांच्या रेषा, कबुतरं. या कामांत कितीही वेळा थांबलं तरी चित्राचं काही बिघडत नाही.

नाशिकच्या एप्रिलमध्ये वॉश बघता बघता वाळतो, म्हणून उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेते. पावसाळ्यात उलटं, तोच वॉश तासभर ओला राहतो. हेअर ड्रायर लावला तर धाकटा उठेल, म्हणून तो थर रात्रभर तसाच सोडते आणि सकाळी डबे भरून झाले की पुढचा घेते.

यानंतर सुंदरनारायणाचं देऊळ. तिथल्या पायऱ्यांचं टिपण तयार आहे. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत घाटाची मालिका पुरी करायची आहे. दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारा लेप, टिकावं म्हणून तुम्ही कागद कसा ठेवता, ते मात्र सांगा. माझ्याकडचे उरलेले ताव या पावसाळ्यातून नीट बाहेर पडायला हवेत.